शेण चुलीला की झाडांना

धाकट्या बहिणीचं, अनारकानचं पत्र पानगळीपासून शारिपच्या कोटाच्या खिशात पडून होतं. ‘तू एवढी पुस्तकं वाचतोस, तर सांग. शेणाच्या गोवऱ्या थापू, की ते कुजवून जर्दाळूंना घालू?’ आपलं चुकलं तर ती थंडीत गारठून मरेल, या धास्तीने त्याने उत्तरच दिलं नव्हतं.

आता बर्फ वितळलं होतं. बातकेन शहरातल्या टपाल कचेरीत, रांगेत त्याच्यापुढे दोन बायका बोलत होत्या.

“बाग कशी आहे गं, झीनाश?”

“कुठली बाग? खत नाही, फळ नाही. तोडली.”

“शेण कुजवायचंस ना.”

“मग चुलीत काय घालू, तुझी जीभ? सासूबाई कुडकुडत होत्या.”

“आता बऱ्या आहेत?”

“गेल्या. पण उबेत गेल्या.”

“आणि जर्दाळूची लाकडं?”

“त्यांच्याच मयतीच्या जेवणाला कढईखाली घातली.”

“गाय तरी आहे ना?”

“मग कढईत काय शिजवलं असेल?”

शारिप रांगेतून बाहेर पडला. खिडकीपाशी उभं राहून त्याने खिशातल्या कोऱ्या कार्डावर लिहिलं. ‘झाडं अजून उभी असतील, तर सगळं शेण कुजवून त्यांनाच घाल. हिवाळ्यात माझ्याकडे ये. पुस्तकं हलवून जागा करतो.’

कार्ड पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तो तिथेच थांबला.