उलटा स्वेटर

शाळेच्या बससाठी रांग लागली होती. नातवाला सोडायला आलेल्या आजी पुढच्या मुलीच्या वडिलांना म्हणाल्या,

"अहो, लेकीचा स्वेटर उलटा घातलाय तुम्ही."

"मुद्दाम घातलाय. गळ्याची शिवण टोचते तिला. सुलटा घातला की बसमध्येच काढून दप्तरात कोंबते, आणि संध्याकाळी खोकत घरी येते."

"पोरं हसत असतील की."

"आठवडाभर हसली. आता वर्गात चौघं उलटाच घालतात."

"आमचा हा सारखा शाळेत स्वेटर विसरून येतो. विसराळूपणात थेट आजोबांवर गेलाय."

"विसरत नसेल, आजी. मान बघा जरा त्याची."

"अगं बाई, लालबुंद झालीये. बसला वेळ आहे ना अजून?"

"पाच मिनिटं आहेत."

"बाळा, हात वर कर."