दिनूचा उजवा हात

अरे, आमच्या गोडादऱ्याचा दिनू माहीत आहे ना, नौदलातला? भर वादळात समुद्रात उडी मारून त्याने बुडत्या बोटीवरचे मच्छीमार वाचवले, म्हणून त्याला पदक मिळालं. तो घरी आल्यावर त्याच्या आईने सत्यनारायण घातला. मी प्रसाद वाटत होतो, तर या पठ्ठ्याने डावा हात पुढे केला! मला वाटलं, पदकाने डोक्यात हवा गेली.

आई सगळ्यांसमोर ओरडली, "काय रे, डावा हातमा परसाद लेस का? रीत भुली गया?"

दिनू हळूच म्हणाला, "आई, उजव्या हातातून एक जण निसटला गं. 'भाई, छोडना मत' म्हणत होता."

आईने पदराने त्याचा उजवा तळवा पुसला. मग माझ्याकडून प्रसाद घेऊन तिनेच त्याला भरवला.