जरा ठळक करा!

...नाही, पण मला एक सांगा, ‘शांतता राखा’ हे असं बोंबलून सांगतात का हो कुणी? परवा बाबांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात बसलोय, समोर भिंतीवर पाटी, अक्षरं ही एवढी जाडजूड, काळीकुट्ट, एकमेकांना खेटून उभी, आत्ता खाली उतरून कानाखाली वाजवतील अशी... ‘शांतता राखा’! एक तान्हं पोर तिकडे बघून भोकाड पसरून रडायला लागलं, शपथेवर सांगतो! आणि मी खाली मान घालून बसलो. का? अहो, ती अक्षरं मी काढलीत!

हो, मीच. हसा. तुम्ही कॉम्प्युटरवर जे फॉन्ट वापरता ना, ते कुणीतरी बसून एकेक अक्षर रेखून केलेले असतात, आभाळातून पडत नाहीत! तुम्हाला सांगतो, माझा जीव बारीक अक्षरावर. नाजूक, मोकळं, आतून वारा खेळेल असं. तसं एक काढून साहेबांपुढे, म्हणजे आमच्या मालकांपुढे ठेवलं. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला... ‘‘छान आहे. जरा ठळक करा.’’ केलं. ‘‘अजून जरा.’’ केलं! ‘‘अहो, रस्त्यापलीकडून गाडीतल्या माणसाला दिसायला नको? जरा ठळक करा!’’ असं करत करत दोन वर्षं गेली, डोक्यावरची रेघ तुळईएवढी झाली, टिंब चेंडूएवढं, ‘व’च्या पोटातलं भोक इतकं बुजलं की सुई जाईना, आणि ‘ज्ञ’... ‘ज्ञ’चं विचारूच नका, एका खोलीत तीन कपाटं बसवायची आणि वर माणसाला फिरायला जागा ठेवायची, कशी ठेवायची? ठेवली! आणि एवढं करून अक्षराला नाव कुणाचं दिलं? माझं? छे! साहेबांच्या नातवाचं, लाडाचं. ‘गब्बू ठळक’! तो गब्बू अजून अंथरूण ओलं करतो!

मग सुटलं ना ते गावभर! अहो, हे अक्षर कशासाठी असतं? दोन शब्द, मोठे, लांबून वाचायचे, बस्स! पण ऐकतो कोण? सेलवर गब्बू. मूळव्याधीच्या जाहिरातीवर गब्बू. कुणाचं मांजर हरवलं, गब्बू... वाचणाऱ्याला वाटावं, मांजर खून करून फरार आहे! ‘दुरुस्तीसाठी बंद, क्षमस्व’... ही माफी आहे की दम? एक आजोबा वारले, मुलांनी दुःखद निधनाचा फलक लावला, तो असा, की आजोबा निवडून आले! आणि एका शहाण्यानं तर औषधाच्या बाटलीवरचा सगळा बारीक मजकूर गब्बूत छापला. बारीक केलं की याचा नुसता डाग होतो हो! गोळी जेवणाआधी की नंतर, कळायला मार्ग नाही. लोकांच्या तक्रारी आल्या, मी त्या साहेबांपुढे ठेवल्या, साहेब काय म्हणाले असतील? ‘‘जरा ठळक करा!’’

घरी तरी सुटका? फ्रिजवर चिठ्ठी, ‘दूध आणा’, गब्बूत छापलेली! म्हटलं, ‘‘अगं, हातानं लिहायचंस.’’ तर ही म्हणते, ‘‘हातानं लिहिलं की तुम्हाला दिसत नाही.’’ घ्या!

पण तेही चाललं असतं. मला हे एकाच माणसाला दाखवायचं होतं. आमचे बाबा कारखान्यात फोरमन, मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय, घरात मीठ मागितलं तर शेजारी वाटी घेऊन यायचे. आणि मी हा असा, पुटपुट्या. पाहुण्यांनी विचारलं, ‘मुलगा काय करतो?’ की बाबा गरजायचे, ‘‘अक्षरं काढतो! शाळेत काढायचा, अजून तेच चाललंय!’’ आयुष्यात एकदा, एकदाच त्यांनी ‘चांगलं केलंस’ म्हणावं, एवढंच हवं होतं हो मला. आणि आता त्यांची नजर चाललीय. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी टिकली तरी खूप.

दवाखान्यातून घरी आणलं, खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. रस्त्यापलीकडे गाद्यांचं दुकान, पाटी अर्थात गब्बूत. बाबांनी मान वाकडी केली, डोळे बारीक केले आणि... ‘‘गा...द्या!’’ वाचलं! म्हणाले, ‘‘पेपर गेला, घड्याळ गेलं, तुझं तोंडही धड दिसत नाही, पण हे दिसतं मला. रोज वाचतो. ज्यानं हे अक्षर काढलं ना, तो माणूस काय असेल! नुसता उभा राहिला तरी खोली गप्प होत असेल!’’

साहेब, गब्बू, सगळे त्या क्षणी माफ! जवळ गेलो. म्हटलं, ‘‘बाबा, ते मी काढलंय.’’

‘‘काय?’’

‘‘ते... अक्षर. माझं आहे.’’

बाबा हसायला लागले. इतके हसले, इतके, की डोळ्यांत पाणी आलं. चाचपडत माझा हात धरला, थोपटला. ‘‘तू? अरे, तू शेजारी बसून बोललास तरी मला ऐकू येत नाही!’’ मग डोळे पुसले, आणि हळू आवाजात, जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात, समजुतीनं म्हणाले, ‘‘तुमच्याच धंद्यातला असणार तो. ओळख काढ. थोडे दिवस त्याच्या हाताखाली राहा. सुधारशील.’’

म्हटलं, ‘‘हो बाबा. विचारून बघतो त्याला.’’