सव्वातीन मिनिटांची चीज

आदरणीय अध्यक्ष हंबीरराव, व्यासपीठावरील मान्यवर, विद्यालयाच्या विश्वस्त शांभवीताई, पालक मंडळी, माझे विद्यार्थी आणि पहिल्या रांगेत बसलेल्या ज्येष्ठ गायिका झुंबरबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

एकतीस वर्षांनी आज या संगीत विद्यालयातून निवृत्त होतोय. शाल मिळाली, नारळ मिळाला. अध्यक्ष म्हणाले, "संगमेश मास्तरांनी बाईंची गायकी घराघरांत पोचवली." हंबीरराव, राग मानू नका, पण हे खोटं आहे. काय पोचवलं ते सांगतो.

१९४० साली विशीतल्या झुंबरबाईंची एका चीजेची रेकॉर्ड निघाली. एका बाजूला सव्वातीन मिनिटं, बस्स. त्यापुढं तबकडीवर जागाच नसायची. ती मी कुरुंदवाडच्या एका हॉटेलात ऐकली आणि खुळा झालो. विकत घेतली, हरकत न् हरकत घोटली. बाई इथंच, शिवाजी पेठेत, सायकलनं दहा मिनिटांवर. पण सगळं तबकडीत आहे की, मग त्यांना कशाला त्रास द्यायचा? केवढा हा शहाणपणा! तीच चीज मी जन्मभर शिकवली.

गेल्या दिवाळीत फराळ घेऊन पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. मोठ्या ऐटीत गाऊन दाखवली. बाई म्हणाल्या, "मास्तर, गाडी चुकल्यागत का पळताय?"

"बाई, तुमचीच हाय की चीज."

"माझी न्हाय. लाल दिवा लागला की थांबायचं, असं कंपनीवाल्यानं सांगितलेलं. मी भ्याले. लय दुप्पट केली, मधलं समदं गाळलं. बैठकीत हीच चीज पाऊण तास चालायची. ते गाळलेलं मागाय कुणी आलंच न्हाय. तुमी सोमवारी या, देते."

आणि मी काय म्हणालो? "परीक्षा आटपू द्यात, मग निवांत येतो."

पौषात त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. तेव्हापासून रोज जातो, पायाशी बसतो. त्या तोंड उघडतात, गळ्याच्या शिरा ताणतात, आवाज येत नाही. मग त्या रडतात, मीही रडतो. मंडळी, काय करू मी? कुणाकडं जाऊ? जिथं जिथं बाईंच्या बैठका झाल्या तिथं, ते गाळलेलं कुणाला येतं का विचारत हिंडलो. नेसरीत एक आण्णा भेटले, नव्वदीचे. म्हणाले, "ऐकलंय की. लई ग्वाड. पर गाऊन कसं दावू, पावणं?"

मघाशी स्वागताला मुलींनी तीच चीज म्हटली. बाईंचा चांगला हात खालीवर होत होता. आशीर्वाद समजून त्यांच्यातली राजनंदिनी पाया पडली, आपण टाळ्या वाजवल्या. तो आशीर्वाद नव्हता हो. "हळू, हळू" म्हणत होत्या त्या.

आपण वेळ काढून आलात, माझं कौतुक केलंत, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, कळतं मला. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते आपण पोटात घालाल. शिकवण्यातल्या चुकीची माफी मात्र बाईंकडंच मागायला हवी. रोज मागतो. पण "केलं माफ" एवढं म्हणायलासुद्धा त्यांच्याकडं आवाज उरलेला नाही.