पत्त्यावर मिळून आला नाही

मी, मन्मथ शिवलिंग हालकुडे, वय २१ वर्षे, शिक्षण दहावी, धंदा मेसचे डबे पोचविणे (सध्या बंद), रा. भाड्याची खोली, लातूर, समक्ष हजर राहून लिहून देतो की,

शुक्रवार दि. ७ जून २०१३ रोजी सकाळी ११ वाजता मी याच पोलीस ठाण्याच्या बाकावर, माझ्या चारित्र्य पडताळणीच्या अर्जाचे काय झाले हे विचारण्यासाठी बसलो होतो. त्याच वेळी हवालदार बसवराज स्वामी त्याच अर्जाच्या चौकशीस माझ्या खोलीवर गेले होते. खोलीस कुलूप होते.

त्यांनी शेजारच्या खोलीतील क्लासच्या पोरांना विचारले. "असं कुणी इथं राहत न्हाई, काका." एक जण म्हणाला, "डबेवाला तर नसंल? त्याचं नाव कुणाला म्हाईत." मी डबा दाराबाहेर ठेवीत असे, तेव्हा ते क्लासला असत. मला ओळखणारी मागील बॅचची पोरे निकालानंतर गावी गेली. मेसच्या मालकीण शिवम्मा मुलाकडे पुण्यास गेल्या. सबब अर्जावर 'सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही' असा शेरा पडला.

कायमचा पत्ता औसा तालुक्यातील आहे. ते गाव व माझे आईवडील भूकंपात गेले तेव्हा मी एक वर्षाचा होतो. मला मामांनी रेणापूरला सांभाळले. मामा हयात नाहीत. नव्या गावात वडिलांच्या नावे घर मिळाले आहे. त्यासही कुलूप आहे.

नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात मला वॉर्डबॉयचे काम मिळाले आहे. सोमवारपर्यंत दाखला न दिल्यास दुसरा मुलगा घेणार आहेत. राहण्यास खोली देतात. खोलीत आणखी तिघे असतात, हे मी फोनवर दोनदा विचारून घेतले.

आज दि. ८ रोजी हवालदार मला पाहून म्हणाले, "आरं, ते बाकावरचं पोरगं तूच व्हय? तुला ओळखणारी लातुरातली दोन माणसं सांग. आन् तूच लिही, तुझं अक्षर बरं हाय."

मला लवकर कोणी आठवले नाही. नंतर मी पुढील नावे दिली.

एक, ठाण्यासमोरील चहावाल्या तारामतीबाई. त्या मला रोज विचारतात, "आज तरी देतेत का रं, मन्मथा?"

दुसरे, हवालदार स्वतः. ते म्हणाले, "येड्या, मलाच साक्षीदार करतूस?" मी म्हणालो, "साहेब, एप्रिलपासून तुम्ही मला रोज बघताव. दुसरं कुणी न्हाई."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "लिही. बक्कल नंबर बी लिही."

हा जबाब मी माझ्या हाताने लिहिला. हवालदारांनी तो मोठ्याने वाचला. माझे नाव त्यांनी कागदाकडे न बघता, पूर्ण घेतले. ते बरोबर आहे.