चोच नसलेला पक्षी

डब्लिनमधल्या जुन्या हवेलीतलं ते छोटं हॉटेल. ग्रेनिया किल्लीसाठी रांगेत उभी होती. तिच्यापुढे एक म्हातारी आणि तिची लेक काउंटरवरच्या पोराशी बोलत होत्या.

“आई, जरा हळू बोल ना.”

“का म्हणून? जन्मले त्या खोलीत आज राणीसारखी झोपणार आहे मी! बाळ, पहिल्या मजल्यावरची, रस्त्याकडचीच दिलीयस ना?”

“तीच, मावशी. उमरावांचा दिवाणखाना होता तो.”

“उमराव गेले नि आम्ही भाडेकरू आलो. अख्खं खटलं त्या एका खोलीत! पोटात काही नसलं तरी वर छताला चुन्यात घडवलेले पांढरे पक्षी. झोप लागेपर्यंत तेच बघत पडायचं.”

“ते अजून आहेत. एकाचीच चोच तुटलीय. उद्या कारागीर नवी बसवायला येईल, तेवढा थोडा त्रास होईल तुम्हाला.”

“खिडकीजवळचा ना?”

“हो! तुम्हाला कसं ठाऊक?”

“ऐकलंस गं? आहे अजून तसाच! आमच्या भावानं, मॉसीनं, चेंडू मारला नि नाव माझं सांगितलं. आईनं मला लाकडी डावानं बडवून काढलं!”

“मॉसीमामानं? तो तर कायम तुझंच नाव सांगायचा.”

“मरेपर्यंत कबूल नाही केलं मेल्यानं!”

“मग नवी चोच बसली की भांडणच मिटलं, मावशी.”

“हात तर लावून बघ म्हणावं त्या कारागिराला! मार मी खाल्लाय त्या चोचीसाठी.”