फाटकावरचा पहिला मफलर

(उत्तर इंग्लंडमधलं थॉर्नक्लो गाव. रविवारची सकाळ. शेजारशेजारच्या दोन घरांची मागची अंगणं, मध्ये कमरेएवढी भिंत.)

डेल : ...आणि हे बघा, क्लिफर्डकाका, एवढे सगळे. आईच्या फाटकाला बांधलेले. मफलर, टोप्या, एक तर लहान मुलाचा मोजा आहे. ठेवू कुठे?

क्लिफर्ड : मोजासुद्धा? आपल्या क्लबचा किरमिजी-पिवळाच असेल ना?

डेल : किरमिजी-पिवळाच.

क्लिफर्ड : मग कोणीतरी जिवाभावाचा माणूस आहे. ठेव इथे भिंतीवर. अरे, आमच्या रग्बी टीमचा कप्तान होतास तू! गाव विसरतं का असं? काल संध्याकाळी अख्खी गल्ली गात होती तुझ्या दारात. ऐकलंस ना?

डेल : ऐकलं. आईने मला खिडकीत उभं केलं. हात हलव म्हणाली. हलवला.

क्लिफर्ड : पाहिलं मी. डोळे भरून आले लेका. मग, सही कधी करतोयस? मी कोणाला बोलत नाही.

डेल : कसली सही?

क्लिफर्ड : बरं, बरं. चेअरमनने तोंडाला कुलूप लावायला सांगितलं असणार. पण एवढं सांग, त्या हूकरच्या जागी खेळणाऱ्या नव्या पोराला ठेवणार ना? तो गेला तर आपण संपलो. मागच्या कोचला त्याची किंमतच नव्हती. त्याचं आपलं एकच, चेंडू आला की सहा संधी, त्यातल्या पाच वेळा डोकं खाली घालून धावा, नि सहाव्याला लाथ मारून चेंडू समोरच्याला देऊन टाका. हाकलला ते बरं झालं. तू आलास की...

डेल : काका, मला क्लबकडून फोन आलेला नाही.

क्लिफर्ड : अजून नाही आला.

डेल : येणारही नाही. काल न राहवून मीच सेक्रेटरीला विचारलं. तो म्हणाला, तुझा विचारच कधी झाला नाही, डेल, राग मानू नकोस.

क्लिफर्ड : थापा मारतोय तो! पुढचा कोच म्हणून तुझ्या नावावर पैसे घेणं बेटिंगवाल्यांनी गुरुवारपासून बंद केलंय. ते काय उगाच? त्यांना आतलं कळतं सगळं.

डेल : त्यांना चाहत्यांच्या फोरमवरून कळलं. बुधवारी तिथे कोणीतरी लिहिलंय. नाव घेतलंय ‘ईस्ट स्टँडचा म्हातारा’. वाचून दाखवतो. ‘डेल हेपवर्थ फ्रान्सहून आलाय. काल घरांचा एजंट टेप घेऊन मागचं अंगण मोजत होता. पुढचा कोच झाल्यात जमा आहे.’ त्यावर मग सगळे तुटून पडलेत. कोणाच्या तरी मेव्हण्याने मला मोटरवेवरच्या कॅफेत चेअरमनबरोबर चहा पिताना पाहिलं म्हणे. मी तिथे एकटा बसून सँडविच खात होतो.

क्लिफर्ड : लोक काय, काहीही लिहितात.

डेल : मागचं अंगण समोरच्या रस्त्यावरून दिसत नाही, काका. दिसतं ते फक्त तुमच्या स्वयंपाकघरातून.

क्लिफर्ड : तो मोजा पडेल बघ भिंतीवरून.

डेल : कोणी लिहिलं ते मी विचारत नाही. विचारतोय ते एवढंच, की टेप लावली म्हणजे माणूस घर घेतोय, असं कसं वाटलं?

क्लिफर्ड : आपल्याकडे असंच कळतं ना रे. कोच यायचा असला की आधी घर बघतो. त्या न्यूझीलंडवाल्या कोचची बायको बाजारात पडदे बघत होती, तेव्हाच आम्ही ओळखलं होतं. मला वाटलं, तू आईचं घर वाढवणार. मागे एक खोली काढशील, बायकोपोरांना घेऊन येशील...

डेल : घर विकतोय मी.

क्लिफर्ड : विकतोयस? आणि रोना? तुझी आई?

डेल : टेकडीवरच्या वृद्धाश्रमात खोली मिळालीय. जिन्यात पडते ती. एकदा तुम्हीच उचललंत ना?

क्लिफर्ड : मीच. कोणाला सांगू नकोस म्हणाली होती.

डेल : गॅस चालू राहतो. फ्रान्सला ये म्हटलं तर ऐकत नाही, आणि तिथली टीम सोडून मी इथे येऊन खाऊ काय?

क्लिफर्ड : तिला सांगितलंस हे?

डेल : सांगायलाच तर आलो होतो. मंगळवारी एजंट गेला, ती म्हणाली, मापं कशाला घेतली रे? म्हटलं, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी खाली आलो तर बाईसाहेब गुणगुणत अंडी तळतायत. म्हणाली, तू गप्प बस हवं तर, मला क्लिफर्डने सगळं सांगितलंय.

क्लिफर्ड : या भिंतीवरूनच सांगितलं. तिचा चेहरा बघायला हवा होतास.

डेल : बघितला. तेव्हापासून तोच बघतोय. आणि मी नाही म्हटलं नाही, काका. ती विचारायची, मी नुसता हसायचो. काल खिडकीतून हातसुद्धा हलवला. स्वतःच्या आईला असं फसवतात का?

क्लिफर्ड : तू कुठे फसवलंस. शुक्रवारी नवी गादी आली, ती मी वर चढवून दिली. तुझ्या खोलीत. रोना मागून ढकलत होती. अर्ध्या जिन्यात धाप लागली, तरी थांबेना. माझा डेल उंच आहे, म्हणाली, जुन्या गादीवर पाय बाहेर येतात त्याचे.

डेल : झोपलोय मी त्या गादीवर.

क्लिफर्ड : मीच लिहिलं ते.

डेल : माहीत आहे.

क्लिफर्ड : का लिहिलं ते तरी ऐक. इतकी वर्षं लिहितोय मी तिथे. कोणी कुत्रं विचारत नाही. पोरं म्हणतात, आजोबा, झोपा आता. आणि त्या दिवशी सगळे म्हणायला लागले, म्हाताऱ्याला आतली खबर असते. तुला इथून एक हाक मारून विचारता आलं असतं. मुद्दाम नाही मारली. विचारलं असतं नि तू नाही म्हणाला असतास, तर खबर हातची गेली असती. लाज वाटते रे मला. तुझ्याकडे बघवत नाही.

डेल : मला कुठे तुमच्याकडे बघवतंय. परवा विमान आहे माझं, आणि अजून तोंड उघडलेलं नाही.

क्लिफर्ड : मी सांगतो तिला.

डेल : मुलगा मी आहे.

क्लिफर्ड : पण घोळ माझा आहे. तू नुसता शेजारी उभा राहा.

रोना : डेल! कुठे उलथलास? चहाचं पाणी झालं तिकडे. अगंबाई, क्लिफर्ड, तूही आहेस का? बरं झालं. हे घे, गरम बन. लोणी लावलंय.

क्लिफर्ड : नको, रोना.

रोना : नको काय नको? एरवी ताटलीसकट खाशील. आणि हे मफलर कोणी सोडले? छान दिसत होते फाटकावर.

डेल : आई, जरा बस.

रोना : बसायला वेळ आहे का मला? वरचे पडदे धुवायचेत. क्लिफर्ड, रंगाचं काय केलंस? सोमवारी डेलच्या खोलीला हात लावतो म्हणाला होतास. एकच भिंत किरमिजी करायची, सगळ्या नकोत. त्याची बायको म्हणेल, सासूला काही समज आहे की नाही.

क्लिफर्ड : रंग नको देऊया, रोना.

रोना : का? पाठ धरली का परत?

क्लिफर्ड : मी तुला चुकीचं सांगितलं. मापं घेतली ती घर विकायला. डेल कोच म्हणून येत नाहीये. क्लबने त्याला बोलावलेलंच नाही. मी खिडकीतून पाहिलं, मनाशी ठरवलं, नि तुला सांगितलं. मग गावभर केलं. कोणाला एका शब्दाने विचारलं नाही.

रोना : डेल?

डेल : खरं आहे, आई.

रोना : घर विकायचं. आणि मी?

डेल : टेकडीवर, वृद्धाश्रमात. खोली चांगली आहे. खिडकीतून आपलं मैदान दिसतं.

रोना : म्हणजे सामन्याचे दिवे दिसतील.

डेल : मंगळवारीच सांगायला हवं होतं मी.

रोना : हो. हवं होतं.

डेल : जीभच रेटली नाही.

रोना : आणि काल मी तुला खिडकीत उभं केलं. सगळ्या गल्लीसमोर. दूधवाल्याला सांगितलं, चर्चमधल्या बायकांना सांगितलं, माझा मुलगा घरी येतोय म्हणून. आता कसल्या तोंडाने जाऊ मी त्यांच्यापुढे?

क्लिफर्ड : मी सांगेन सगळ्यांना. खोटं नाव घेऊन नाही. क्लिफर्ड अ‍ॅक्रॉइडने थाप मारली, असं सांगेन. घरोघर जाऊन सांगेन.

रोना : बन खा. गार होतोय.

क्लिफर्ड : आधी सांगून येतो सगळ्यांना, रोना.

रोना : तो ढीग सरकव इकडे. हा नाही, खालचा. हा. तुझा ना हा मफलर?

क्लिफर्ड : माझाच.

रोना : मीच विणून दिलेला. इथे काठाला टाका सुटलाय बघ. डेलचा पहिला सामना चालू होता, सुया हातात तशाच राहिल्या होत्या. बुधवारी सकाळी फाटकावर हा एकटाच होता. मी काही खुळी नाही, क्लिफर्ड. टेप बघूनच मी ओळखलं होतं, घर जाणार. मग दार उघडलं नि हा दिसला. म्हटलं, क्लिफर्डने बांधलाय, म्हणजे खरं असेल.